इंटर्न आला नाही तर कोणाचं काम अडतं?

[दृश्य: यंत्रशाळेचं जुनं कृष्णधवल छायाचित्र]

साल 1906. अमेरिकेतलं सिनसिनाटी विद्यापीठ. अभियांत्रिकीचे प्राध्यापक हर्मन श्नायडर 27 विद्यार्थ्यांना घेऊन एक वेगळाच अभ्यासक्रम सुरू करतात. एक आठवडा वर्गात, पुढचा आठवडा कारखान्यात. शिकता शिकता कुठंतरी नोकरी केलेली मुलं पुढे जास्त चमकतात, हे त्यांच्या आधीच लक्षात आलं होतं.

खरी मेख पुढे आहे. श्नायडर यांनी मुलांच्या जोड्या लावल्या. एक वर्गात, तेव्हा दुसरा यंत्रावर. कारखान्यातली ती जागा रिकामी राहायचीच नाही, कारण राहिली असती तर काम अडलं असतं.

[दृश्य: आजचं कार्यालय. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेली विद्यार्थिनी]

आज इंटर्नशिप बहुतेक अभ्यासक्रमांत आली आहे. पण हिचा पहिला दिवस पाहा. ओळखपत्र तयार नाही, लॉगिन मिळालेलं नाही, मार्गदर्शक मीटिंगमध्ये. “तोवर आपली वेबसाइट वाचून काढ.” ती दुपारपर्यंत वाचून होते. मग उद्याचं काय? शेवटी मिळणारं सर्टिफिकेट मात्र जाड कागदावर, सोनेरी किनारीचं!

हिच्या जागी उद्या कोणी आलंच नाही, तर इथे कोणाला कळणारही नाही.

[दृश्य: फळ्यावर कामांची यादी लिहिणारा गट]

म्हणून कार्यक्रम आखताना आधी कामं शोधावीत, मुलं नंतर. रोजच्या धबडग्यात मागे पडलेली, पण झाली तर कोणीतरी वापरेल अशी कामं. ग्राहकांच्या जुन्या तक्रारींची वर्गवारी. नव्या सॉफ्टवेअरची चाचणी. लोकांशी बोलून त्यांच्या अडचणींची टिपणं काढणं. आठ-दहा आठवड्यांत संपेल आणि चुकलं तरी सावरता येईल, एवढाच त्याचा आवाका हवा.

प्रत्येक इंटर्नमागे मार्गदर्शक एकच, आणि त्याचं नाव आधीच ठरलेलं. “आम्ही सगळेच लक्ष देऊ” याचा अर्थ कोणीच देणार नाही. त्या मार्गदर्शकाच्या स्वतःच्या कामातले आठवड्याचे काही तास अधिकृतपणे कमी करावे लागतात. कंपन्या नेमक्या इथेच हात आखडता घेतात. मग शिकवणं हे त्याच्या डोक्यावरचं जादा ओझं होतं आणि ते मुलांना बरोबर जाणवतं.

[दृश्य: न्यायालयाची इमारत]

मानधनाचं काय? 2011 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका चित्रपटासाठी बिनपगारी राबलेल्या इंटर्न्सनी निर्मिती कंपनीवर दावा ठोकला. 2015 मध्ये अपील न्यायालयानं कसोटी सांगितली: या व्यवस्थेचा मुख्य फायदा कोणाला, शिकणाऱ्याला की कंपनीला? कायद्याच्या दृष्टीनं ठीक. पण बिनपगारी इंटर्नशिप परवडते ती घरून पैसे येणाऱ्यांनाच. बाकीची हुशार मुलं अर्जच करत नाहीत, आणि आपण कोणाला मुकलो हे कंपनीला कधी कळतही नाही.

[दृश्य: महाविद्यालयाचं कार्यालय. फोनवर बोलणाऱ्या समन्वयक]

महाविद्यालयाची जबाबदारी पत्र देऊन संपत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात समन्वयकांनी फोन करायचा, तोही थेट विद्यार्थ्याला, मार्गदर्शक समोर नसताना. आज काय केलंस? कोणाला दाखवलंस? तो काय म्हणाला? उत्तरं पोकळ वाटली, तर दुसरा फोन कंपनीला. काम बदलून घ्यायला तेव्हा अजून वेळ असतो. शेवटच्या दिवशीच्या फीडबॅक फॉर्मवर सगळेच ‘उत्तम’वर खूण करून मोकळे होतात.