मनोरंजनाचं वार्षिक भविष्य कसं लिहावं

मंडळी, दिवाळी अंकातलं विनोदी वार्षिक भविष्य वाचायला हलकं वाटतं, पण लिहायला फार चिवट. येत्या वर्षीच्या मालिका, नाटकं, सिनेमे यांची थट्टा करायची असेल, तर कल्पनाशक्ती नंतर, आधी पंचांग उघडा.

2027 घ्या. आदल्या वर्षीच्या अधिक ज्येष्ठामुळे पुढे गेलेले सण पुन्हा अलीकडे येतात. गणेश चतुर्थी 4 सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन 29 ऑक्टोबरला. त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुरुषांचा एकदिवसीय विश्वचषक आहे. यजमान दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबिया. दक्षिण आफ्रिकेचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. म्हणजे तिथला दिवस-रात्रीचा सामना आपल्याकडे भरात येतो तो नेमका मालिकांच्या वेळेला. आता भाकीत आपोआप सुचतं: ‘दिवाळीच्या महाएपिसोडमध्ये सासूबाई ओवाळणीचं ताट उचलतील. ताट खाली येईपर्यंत शेजारच्या चॅनेलवर सहा षटकं संपतील.’

यात सण खरा, सामना खरा, मालिकेतला संथपणाही खरा. ताणलंय फक्त एक, ताट उचलण्याचा वेळ. तीन खऱ्या गोष्टींना एक ताण, हे प्रमाण सांभाळा. ‘सासूबाई ताट घेऊन खेळपट्टीवर उतरतील’ असं लिहिलंत की दोन ताण झाले, आणि वाचकाला स्वतःच्या घरातला टीव्ही दिसेनासा होतो. हसू तिथेच अडतं.

आकडा फुगवण्याचा मोह तर हमखास फसवतो. ‘अमुक नट दहा हजार प्रयोग करील’ यात विनोद कुठे आहे? प्रशांत दामले यांनी 2022 मध्येच 12,500वा प्रयोग केला. रंगभूमीवर थट्टा करायची तर सवयीची करा. आता हे वाक्य बघा: ‘नाटकाच्या शेवटच्या पाच प्रयोगांची जाहिरात वर्षभर येत राहण्याची शक्यता आहे.’ मजकूर बरोबर आहे, पण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ‘शक्यता आहे’ने सगळी हवा काढून घेतली. फिरवून लिहा: ‘नाटकाचे शेवटचे 5 प्रयोग जानेवारीत लागतील. लोकाग्रहास्तव ते दिवाळीपर्यंत शेवटचेच राहतील.’ गमतीचा शब्द जितका टोकाला सरकेल तितका बरा. एका भाकिताला दोन वाक्यं, पंचवीस-तीस शब्द पुरतात.

भाषा मात्र अस्सल राशिभविष्याचीच हवी. ‘जुनी येणी वसूल होतील’, ‘प्रवास जपून करावा’, ‘गुप्त शत्रूंपासून सावध’ ही वाक्यं जशीच्या तशी घ्या आणि पुढचं वाक्य आपलं जोडा. ‘हरवलेली वस्तू सापडेल. नायिकेची स्मृती सापडेल, पण गुरुवारी टीआरपी आल्यावर.’ टीआरपीचा आठवडी आकडा गुरुवारी येतो, म्हणून इथे गुरुवारच हवा. मंगळवार घातलात की क्षेत्रातला वाचक तुम्हाला पकडणार. ज्योतिषाचंही तसंच. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं राहतो आणि साडेसातीत तीन राशी येतात, एवढं पक्कं असलं की ‘मालिकेला साडेसाती लागली, पण मालिका तेवढी टिकली नाही’ हे वाक्य उभं राहतं.

चालू मालिकेचं नाव घालू नका. मजकूर गणपतीच्या सुमारास किंवा त्याआधी द्यावा लागतो. अंक हातात येईपर्यंत मालिका बंद पडलेली असू शकते. माणसांच्या बाबतीत याहून जपा. कुणाचं आजारपण, शरीर, लग्न, घटस्फोट यांवर एक अक्षरही नको. दिवाळी अंक घरात वर्षभर राहतो. मार्चमध्ये वाईट बातमी आली, तर नोव्हेंबरात छापलेला विनोद त्या घरच्यांना पुन्हा वाचावा लागतो. चॅनेल, जाहिरात, पोस्टर, मल्टिप्लेक्सची वेळ यांच्यावर कितीही तुटून पडा. ‘मराठी सिनेमाला सुवर्णयोग. खेळ मिळेल, सकाळी सव्वानऊचा.’ यात कुणी दुखावत नाही आणि निर्मात्याचं दुखणंही लोकांपर्यंत पोचतं.

आणि मांडणी. कुणीही मेषेपासून वाचत नाही, प्रत्येक जण आधी आपली रास शोधतो, मग बायकोची, मग साहेबांची. म्हणून प्रत्येक रास स्वतंत्र उभी राहिली पाहिजे. मेषेत पेरलेला विनोद मीनेत उगवायला ठेवलात, तर मीनवाल्याच्या हाती फक्त अर्धा विनोद लागतो. बाराही राशी कागदाच्या बारा चिठ्ठ्यांवर उतरवा, पिसून घ्या, आणि कुठलीही एक चिठ्ठी उचलून दुसऱ्याला मोठ्याने वाचायला द्या. तो जिथे ‘म्हणजे?’ विचारील, ती चिठ्ठी पुन्हा लिहा.