मेथीची जुडी धुवायला किती पाणी लागते?

काही वर्षांपूर्वी मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये गरोदर बायकांच्या एका बैठकीत मी रक्तवाढीच्या आहाराविषयी बोलत होते. पालक, मेथी, शेपू, राजगिरा अशी नावे घेत होते. भाजी लोखंडी कढईत करा, वर लिंबू पिळा, असे सांगत होते. बैठक संपल्यावर चपला घालता घालता एक बाई थांबली आणि म्हणाली, "ताई, मेथीची जुडी मी आणीन हो. पण ती तीनदा धुवायची म्हणजे अर्धा हंडा पाणी गेलं. आमच्याकडं पाणी कॅननं विकत येतं. त्यापेक्षा बटाटा बरा, सोलला की झालं." त्या दिवसापर्यंत मी पालेभाजीची किंमत जुडीच्या भावात मोजत आले होते. ती बाई मात्र जुडी, पाणी, गॅस आणि स्वतःचा अर्धा तास असा चौपदरी हिशेब करत होती, आणि तिचा हिशेब माझ्यापेक्षा बरोबर होता.

उत्पन्न आणि वस्ती यांचा सकस आहाराशी काय संबंध आहे, हा आजचा विषय मला त्या बाईने शिकवला, असे मी मानते. गरिबांना चांगले अन्न परवडत नाही, एवढे आपण सगळेच जाणतो. पण बाजारातले अन्न ताटात येईपर्यंत त्याला पाणी लागते, इंधन लागते, वेळ लागतो, उरलेले टिकवायला जागा लागते आणि त्या दिवशी हातात रोख पैसा असावा लागतो. यांतल्या प्रत्येक गोष्टीचा भाव माणूस कुठे राहतो यावर ठरतो. म्हणजे एकाच शहरात, एकाच दिवशी, एकाच भावाने घेतलेली मेथी दोन घरांत दोन वेगळ्या किमतींना शिजते.

याचा एक जुना पण बोलका दाखला मुंबईचाच आहे. व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास धारावीची झोपडपट्टी आणि श्रीमंतांचा वॉर्डन रोड या दोन ठिकाणच्या किमतींची तुलना मांडली होती. धारावीत तांदूळ वॉर्डन रोडच्या १.२ पट दराने मिळत होता. हा फरक आहे, पण फार मोठा नाही. पाण्याला मात्र धारावीचा माणूस ३७ पट पैसे मोजत होता, आणि जुलाबाच्या औषधोपचाराला १० पट. हे आकडे एकत्र वाचले पाहिजेत. भात जवळपास त्याच भावात, पण तो शिजवायचे पाणी कित्येक पटींनी महाग. आणि ते पाणी अशुद्ध निघाले आणि मूल जुलाबाने आजारी पडले, तर त्याच्या पोटात गेलेले अन्नही अंगी लागत नाही, वर औषधाचा खर्च पुन्हा अन्नाच्याच पैशातून निघतो.

गोवंडी, मानखुर्द, देवनार हा महापालिकेचा एम-पूर्व विभाग. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात शहराच्या चोवीस विभागांत तो अगदी शेवटी होता. १९२७ पासून शहराचा कचरा ज्या देवनारच्या जमिनीवर टाकला जातो, ती याच विभागात आहे. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबईच्या भाजीपाल्याचा मोठा भाग खाडीपलीकडे, नवी मुंबईतल्या बाजार समितीच्या आवारात उतरतो आणि पहाटे टेम्पोंमधून वाशीचा पूल ओलांडून शहरात येतो. पूल संपला की पहिली वस्ती लागते ती मानखुर्दची. दादर, माटुंगा, चेंबूरकडे जाणारी भाजी रोज या वस्त्यांच्या दारावरून पुढे जाते. गोवंडीच्या गल्लीत जी येते, ती बहुतेक वेळा दुसऱ्या हाताची असते, म्हणजे स्थानिक विक्रेत्याने थोड्या भांडवलावर उचललेली, त्याला परवडेल अशी, आणि छोटे छोटे वाटे करून मांडलेली. वाटा घेणाऱ्याला किलोचा भाव विचारायची सोय नसते, कारण किलोभर घ्यायला पैसे नसतात आणि किलोभर ठेवायला फ्रीजही नसतो.

उत्पन्नाचा हिशेब आपण एकदा कागदावर करून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस, ३०० मिलिलिटर दूध, शिवाय तेल आणि दाणे-बिया असे प्रमाण आहे. चार माणसांचे घर धरा, सोयीसाठी चौघेही प्रौढ. भाजी सरासरी ६० रुपये किलो आणि दूध ६० रुपये लिटर मानले, तर १.६ किलो भाजीचे ९६ आणि १.२ लिटर दुधाचे ७२ असे रोजचे १६८ रुपये होतात. यात अजून डाळ नाही, फळ नाही, तेल नाही, धान्यही नाही. आता दुसरा आकडा पाहा. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबात बसण्यासाठी महाराष्ट्रात शहरी भागात ठरवलेली उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९,००० रुपये, म्हणजे साऱ्या घराला दिवसाला साधारण १६२ रुपये. ज्यांना शासन स्वतः गरीब म्हणते, त्यांचे सगळे उत्पन्न खर्ची घातले तरी शासकीय संस्थेनेच सांगितलेल्या ताटातली नुसती भाजी आणि दूधसुद्धा पुरे येत नाही. आणि दोघे नवरा-बायको मिळून या मर्यादेच्या थोडे वर गेले, की ते कागदोपत्री गरीब राहत नाहीत.

रेशनने या देशात भूक हटवली, हे मी मनापासून मानते, आणि रेशनविरुद्ध बोलणाऱ्यांशी मी नेहमी भांडते. माणशी महिना ५ किलो धान्य, तेही जानेवारी २०२३ पासून मोफत, ही लहान गोष्ट नव्हे. पण ते गहू आणि तांदूळ आहेत. गहू चक्कीवर न्यायचा, दळणाचे पैसे द्यायचे, आणि त्या पोळीबरोबर काय खायचे हा प्रश्न उरतोच. तामिळनाडूने २००७ पासून रेशनच्या दुकानात तूरडाळ आणि पामतेल सवलतीच्या दराने द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे २०२२ च्या दिवाळीत डाळ आणि तेल मिळाले ते 'आनंदाचा शिधा' म्हणून, १०० रुपयांत चार जिन्नस. सणाला गोडधोड व्हावे हे योग्यच आहे. पण गर्भार बाईला डाळ दिवाळीपुरती लागत नाही. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली, तेव्हा मी ज्या घरांत जात होते तिथे वरणाचे पाणी वाढत गेले आणि मग वरणच बंद झाले. तांदूळ मात्र होता. मुलांचे पोट भरत होते, आणि वजनकाट्यावर ती हलत नव्हती.

याच घरांत पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा मात्र नेहमी असतो, आणि बाहेरून आलेली माणसे नेमकी त्यावरच बोट ठेवतात. त्या पुड्याचे गुण आपण नीट पाहिले पाहिजेत. टोमॅटो वीसवरून दीडशेवर जातो, पुडा पाचच रुपयांना राहतो. तो धुवावा लागत नाही, शिजवावा लागत नाही, नासत नाही, आणि दर दहा पावलांवर टपरीवर टांगलेला असतो. तिथे उधारीही चालते. सकाळी नळाला पाणी नसेल आणि आईला साडेसहाला चेंबूरच्या कामावर निघायचे असेल, तर चहा आणि खारी, किंवा चहा आणि पाव, हाच नाश्ता. यात अडाणीपणा कुठे आहे? आहे त्या पाण्यात, आहे त्या वेळात आणि आहे त्या पैशात रुपयाला जास्तीत जास्त पोट भरणारी ती निवड आहे. तिची किंमत पुढे शरीर मोजते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक मोठ्या पाहणीचे २०१७ मध्ये आलेले निष्कर्ष असे होते की महाराष्ट्रासारख्या तुलनेने संपन्न राज्यांच्या शहरी भागात मधुमेह वरच्या आर्थिक थरापेक्षा खालच्या थरात अधिक आढळतो. आपण ज्याला श्रीमंतांचा आजार म्हणत होतो, तो झोपडपट्टीत येऊन राहिला आहे.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. अमेरिकेत, जवळपास चांगले दुकान नसलेल्या वस्त्यांना 'अन्नाचे वाळवंट' म्हणतात, आणि अशा वस्तीत सुपरमार्केट उघडले की प्रश्न सुटेल असे बरीच वर्षे मानले जात होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की गरीब आणि श्रीमंत कुटुंबांच्या आहारातल्या फरकापैकी जेमतेम दहावा हिस्सा दुकानांच्या उपलब्धतेने समजावता येतो. बाकीचा फरक मागणीतला. हा निष्कर्ष ऐकून काही जण म्हणतात, म्हणजे शेवटी आवडीनिवडीचाच प्रश्न आहे. मला तसे वाटत नाही. गोवंडीच्या त्या बाईची 'मागणी' मेथीऐवजी बटाट्याला होती, हे खरेच. पण तिला मेथी आवडत नव्हती म्हणून नव्हे. मागणी या शब्दात पाणी, गॅस, वेळ आणि थकवा हे सगळे दडलेले असते, आणि ते बाहेर काढून मोजल्याखेरीज आवडीविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही.

वेळेचे म्हणाल, तर संध्याकाळच्या लोकलच्या बायकांच्या डब्यात जाऊन बघा. मांडीवर पिशवी पसरून बायका मेथी निवडत असतात, वाल सोलत असतात, कारण घरी पोचल्यावर ते करायला वेळ नसतो. ती भाजी त्यांनी स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडून घेतलेली असते. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली आणि त्यानंतर स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले बसू नयेत, असा उच्च न्यायालयाचा आदेश आला. पूल मोकळा हवा, याबद्दल दुमत नाही. पण त्या हटवलेल्या टोपल्यांबरोबर कष्टकरी बाईच्या वाटेवरची भाजीही हटली. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. जागा आखून देण्याची, समित्या नेमण्याची तरतूद त्यात आहे, आणि मुंबईत त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षे रखडली. रेल्वेमार्गालगतची कुटुंबे उठवून मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये आणि वाशीनाक्याला २२५ चौरस फुटांच्या घरांत नेली गेली, तेव्हा घर मोजून मिळाले, पण जुन्या वस्तीतला ओळखीचा, उधारी देणारा किराणावाला आणि दारावर येणारी कोळीण यांची कुणी मोजणी केली नव्हती.

त्या बैठकीनंतर मी माझी पद्धत बदलली. आहार सांगण्याआधी आता मी विचारते की पाणी किती वाजता येते आणि किती भांडी भरतात. उत्तर ऐकून मग भिजवलेले हरभरे सांगायचे, शेंगदाणे आणि गूळ सांगायचा, की अंडे, हे ठरते. अंड्याचे नाव मी वारंवार घेते, कारण ते धुवायला घोटभर पाणी पुरते, गॅस फार वेळ जळत नाही, फ्रीजवाचून काही दिवस टिकते आणि त्यात भेसळ करता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे किंवा दुसरे फळ, द्यायचे ठरवले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि शाळांनी ते लोकवर्गणीतून करावे, असे सांगण्यात आले. ज्या शाळेतल्या मुलांच्या आया पाण्याचे कॅन विकत आणतात, त्या शाळेने वर्गणी कोणाकडे मागायची, हे मला त्या निर्णयात कुठे सापडले नाही. ते अंडे शाळेत परत यावे, सरकारच्या पैशाने आणि आठवड्यातून एकदा नव्हे तर तीनदा यावे, एवढी मागणी आपण सर्वांनी माझ्याबरोबर करावी, यासाठी मी आज इथे आले आहे.