पत्र्यावरची गार

(काळा पडदा. पत्र्यावर गारा आदळल्याचा आवाज.)

सिमेंटच्या पत्र्याखाली बसून हा आवाज ज्यानं ऐकलाय, त्याला तो कसला हे सांगावं लागत नाही. आधी एक-दोन टपोऱ्या गारा, कुणी खडे मारावेत तशा. मग जराशी उसंत. आणि मग एकदम ताशा. शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. आई लेकराला जवळ ओढते आणि घरातले सगळे मान वर करून पत्र्याकडे बघत राहतात.

(निफाड तालुका. द्राक्षबागेत गारांचा सडा, खाली पडलेले घड.)

नाशिकला गारपीट म्हटली की कॅमेरा बागेकडे वळतो. वळायलाच हवा. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राला झोडपत होती. २६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी निफाडसह जिल्ह्यातल्या द्राक्षबागा आणि कांद्याची शेतं काही मिनिटांत झोपली. ज्याची बाग गेली, त्याच्या घरात त्या रात्री चूल पेटत नाही. त्या दुःखापुढे फुटलेला पत्रा काय सांगायचा? म्हणून घराचं कुणी विचारत नाही आणि घरधनीही सांगत नाही. आज आपण त्या घराकडे बघणार आहोत.

(आकाश. दुपारी तीनच्या सुमारास चढत जाणारा ढग.)

गार पडायला खाली तापलेली जमीन लागते आणि वर थंड हवा. महाशिवरात्रीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आपल्याकडे नेमकं हेच जुळून येतं. पश्चिमेकडून येऊन उत्तर भारतावरून जाणाऱ्या हवामान प्रणालीमुळे, म्हणजे पश्चिमी झंझावातामुळे, वरची हवा गार होते, अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून बाष्प येतं, आणि दुपारच्या उन्हानं हवा उसळून वर जाते. ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. जमिनीपासून चार-पाच किलोमीटरवर पाणी गोठायची रेषा असते. तिच्या वर शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. बर्फाचा कण त्यांना भिडला की ते त्याच्यावर गोठतात. खालून येणारा वारा जितका जोरकस, तितका वेळ ती गार वर तोलली जाते आणि थरावर थर चढवत राहते. वाऱ्याला ती पेलेनाशी झाली की सुटते. गार मधोमध कापून बघितलीत तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतील.

आपल्याकडे गार मोजायची मापं फळांची. हरभऱ्याएवढी, बोराएवढी, लिंबाएवढी. ही मापं फार कामाची आहेत, कारण घराचं नुकसान आकारावरच ठरतं. अडीच सेंटिमीटर जाडीची, म्हणजे चांगल्या बोराएवढी गार साधारण साडेसात ग्रॅमची. पाच सेंटिमीटरची झाली की वजन दुप्पट होत नाही, आठपट होतं. वेगही वाढतो. दोन्ही मिळून तिचा तडाखा जवळपास सोळापट होतो. बोरानं पत्र्यावर नुसता आवाज केला असेल, पण लिंबू तो फोडून आत येईल.

(सिन्नर रस्त्यालगतची वस्ती. पत्र्याची घरं, त्यामागे स्लॅबचे बंगले.)

छपरांत सगळ्यात आधी जातो तो सिमेंटचा पत्रा. लोखंडी पत्र्याला पोचे पडतात, तो सहसा फुटत नाही. सिमेंटचा पत्रा मात्र ठिसूळ, आणि पंधरा-वीस उन्हाळे खाल्लेला असेल तर आणखीच. गार लागली की त्याला चांदणीसारखी चीर जाते. जिथे पत्रा खाली पकडून ठेवणाऱ्या जे-हुकासाठी भोक पाडलेलं असतं, तिथून ती लांबते. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांवर मंगलोरी कौलं आहेत. तीही फुटतात, पण फुटलेलं एक कौल काढून तिथे दुसरं बसवता येतं. पत्रा अख्खा बदलावा लागतो. एक गोष्ट कळकळीनं सांगतो: जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, म्हणजे फुप्फुसाला घातक असे बारीक तंतू. त्याचे तुकडे कोरडे झाडू नका, पाणी मारून ओले करा, तोंडाला मास्क लावा, आणि चिरलेल्या पत्र्यावर पाय देऊन वर चढू नका. गारपिटीनंतर दुरुस्तीला चढून पत्र्यातून खाली पडणं हा गारेपेक्षा मोठा धोका आहे.

स्लॅबच्या घराला गार काही करत नाही, असं आपण समजतो. स्लॅबला नाही करत. पण गच्चीवर बघा. पाणी तापवणाऱ्या सोलरच्या काचेच्या नळ्या, प्लास्टिकच्या टाकीचं उन्हानं कडक झालेलं झाकण, जिन्यावरची फायबरची शीट. आमच्याकडे एका मार्चमध्ये सोलरच्या चार नळ्या गेल्या. गरम पाणी बंद झालं, त्याचं काही नाही. पण फुटलेल्या काचेचा चुरा गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांत गेला, तो सगळा घाणा टाकून द्यावा लागला.

आता विजेच्या सोलर पॅनलचं. २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली आणि तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं, तशी नाशिकच्या गच्च्यांवर पॅनल वाढली. या पॅनलची आंतरराष्ट्रीय चाचणी होते. तीत २५ मिलिमीटरचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर वेगानं, म्हणजे ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेगानं, पॅनलवर अकरा ठिकाणी मारतात. थोडक्यात, पॅनल बोराच्या परीक्षेत पास झालेलं असतं. लिंबाची परीक्षा त्यानं दिलेली असेलच असं नाही. काच शाबूत दिसली तरी आतल्या सेलना बारीक चिरा जाऊ शकतात. म्हणून गारपिटीनंतरच्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी किती युनिट तयार झाले ते बघा आणि आधीच्या तशाच दिवसाशी ताडून बघा.

आणि गच्चीचा पाईप. गारा, झोडपलेला पाला, आंब्याचा मोहोर, सगळं वाहत जाऊन पाईपच्या जाळीवर बसतं. पाणी तुंबतं आणि जिन्यातून घरात उतरतं. मूठभर पाला वेळेवर काढला असता तर वाचलं असतं, अशी नुकसानं मी पाहिली आहेत.

(टेबलावर पसरलेली कागदपत्रं.)

पीक विमा असलेल्या शेतकऱ्याला गारपिटीनंतर ७२ तासांत कळवायचं हे पाठ असतं. घराचा विमा किती जणांकडे आहे, विचारा आपल्या गल्लीत. मला हे खरंच खुपतं. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी विमा कंपन्यांकडे मिळते. घराबरोबर घरातलं सामानही तीत घराच्या विमारकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप धरलेलं असतं. पण एक शब्द तपासा. गाडीच्या पॉलिसीत गारपीट हा शब्द वेगळा छापलेला असतो. घराच्या पॉलिसीत वादळ, चक्रीवादळ, पूर असे शब्द येतात. नुसती गार पडली तर भरपाई मिळेल का, हे घेतानाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. गच्चीवरचं सोलर त्यात धरलंय का, हेही.

सरकारी मदतीच्या यादीत गारपीट आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. पत्रे, मजुरी, वाहतूक धरली तर ही रक्कम तोकडी आहे, हे उघड बोललं पाहिजे. तरी पंचनामा करून घ्या. तलाठी आले की शेताबरोबर घरही दाखवा. गारा वितळायच्या आत एक गार फूटपट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, कारण तासाभरानं तुमच्या हातात नुसतं पाणी असेल.

(दुपार. बंद खोली. अंधार.)

गारपीट होऊन गेल्यावर एका कडक दुपारी दारं-खिडक्या लावून घ्या आणि खालूनच छपराकडे बघा. वरून न दिसणारी चीर अंधारात उजेडाच्या रेघेसारखी दिसते. तिच्याखाली जमिनीवर खडूनं खूण करा. मृगाला अजून अवकाश आहे, तोवर तेवढाच पत्रा बदलून होईल.

(अंधाऱ्या जमिनीवर उजेडाची एक रेघ. खडू धरलेला हात.)