जोना लोमू : रग्बीच्या पहिल्या मोठ्या व्यावसायिकाची कारकीर्द

लातूरच्या मैदानांवर पहाटे सोळाशे मीटर धावणाऱ्या आणि गोळाफेकीचा सराव करणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचे लक्ष पोलिस भरतीवर असते. शरीर कमवायचे आणि त्याच्या बळावर पगार मिळवायचा, हा हिशेब मराठवाड्यातल्या घरांना नवा नाही. रग्बी युनियनमध्ये, म्हणजे पंधरा-पंधरा खेळाडूंच्या रग्बीत, मात्र तो अधिकृत व्हायला १९९५ साल उजाडावे लागले. त्या बदलाच्या ऐन तोंडावर न्यूझीलंडचा जोना लोमू जगापुढे आला.

लोमूचा जन्म १२ मे १९७५ रोजी टोंगा बेटांवरून न्यूझीलंडमध्ये आलेल्या कुटुंबात झाला आणि तो दक्षिण ऑकलंडच्या कष्टकरी वस्तीत वाढला. जून १९९४ मध्ये, वयाच्या अवघ्या १९ वर्षे ४५ दिवसांनी, तो न्यूझीलंडकडून कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामना, खेळणारा सर्वांत तरुण खेळाडू ठरला. त्याची जागा होती विंगची, म्हणजे मैदानाच्या कडेची, जिथे सहसा सडपातळ आणि चपळ खेळाडू ठेवला जातो. लोमूची उंची १.९६ मीटर होती आणि वजन १२० किलोच्या आसपास. एवढा देह घेऊन तो धावपटूच्या वेगाने पळत असे. त्याला एकट्याने अडवणे जवळजवळ अशक्य होते.

याची प्रचिती दक्षिण आफ्रिकेतील १९९५ च्या विश्वचषकात आली. १८ जून रोजी केपटाऊनच्या उपांत्य सामन्यात त्याने इंग्लंडविरुद्ध चार ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून मिळवलेले गुण) नोंदवले आणि त्यांपैकी पहिल्याच्या वेळी आडव्या आलेल्या इंग्लंडच्या माइक कॅटला तो अक्षरशः तुडवून पुढे गेला. न्यूझीलंडने सामना ४५-२९ असा जिंकला. ही चित्रफीत आजही पाहिली जाते, परंतु या निवेदनाच्या दृष्टीने सहा दिवसांनी झालेला अंतिम सामना अधिक बोलका आहे. कबड्डीत दमदार चढाईपटूला साखळी करून पकडतात, तसे दक्षिण आफ्रिकेचे खेळाडू त्याच्यावर एकामागून एक तुटून पडत राहिले. त्याला एकही ट्राय करता आला नाही आणि जादा वेळेत आफ्रिकेने १५-१२ असा विजय मिळवला. पुढे संपूर्ण कारकिर्दीत लोमूला आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत ट्राय मिळालाच नाही, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांनाही चटकन आठवत नाही.

त्या अंतिम सामन्याच्या तोंडावरच दक्षिण गोलार्धातील तीन संघटनांनी माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीशी दहा वर्षांचा, सुमारे ५५ कोटी डॉलरचा दूरचित्रवाणी करार जाहीर केला होता आणि ऑगस्टमध्ये पॅरिसला झालेल्या बैठकीत रग्बी युनियनने हौशीपणाचा, म्हणजे खेळाडूला पैसे न देण्याचा, नियम सोडून दिला. लोमूमुळेच हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पैसे देणाऱ्या रग्बी लीग या रग्बीच्या दुसऱ्या प्रकाराकडे खेळाडू वळत होते, हेही कारण होते. मात्र दूरचित्रवाणीला ज्याचे चित्र विकता येईल असा चेहरा लोमूनेच दिला. जून २०२५ मध्ये मुंबईत सहा संघांची व्यावसायिक रग्बी स्पर्धा झाली, तिची वाटही त्याच निर्णयातून निघते.

आणि नेमक्या १९९५ च्याच अखेरीस लोमूला नेफ्रोटिक सिंड्रोम असल्याचे निदान झाले. या विकारात मूत्रपिंडाची गाळणी बिघडून रक्तातील प्रथिने लघवीवाटे वाहून जातात, अंगावर सूज येते आणि थकवा हटत नाही. ज्याच्या देहावर सारे करार उभे होते, त्याचा देह आतून झिजत होता. उपचारांसाठी त्याला १९९७ मध्ये बराच काळ मैदानाबाहेर राहावे लागले. तरीही १९९८ साली त्याने क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सेव्हन्स (सात खेळाडूंच्या) प्रकाराचे सुवर्णपदक मिळवले आणि १९९९ च्या विश्वचषकात आठ ट्राय केले. नोव्हेंबर २००२ मध्ये वेल्सविरुद्ध तो शेवटची कसोटी खेळला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. ६३ कसोटी आणि ३७ ट्राय हा आकडा मोठा आहेच, पण तो निरोगी माणसाचा नाही, हे विसरून त्याची तुलना करणे अन्यायाचे होईल.

पुढल्या वर्षी डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून अनेकदा तालुक्याहून लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणाऱ्या रुग्णांच्या घरी या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. जुलै २००४ मध्ये एका मित्राने दिलेल्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले आणि वर्ष-दीड वर्षात तो वेल्सच्या कार्डिफ ब्लूज संघाकडून करारबद्ध होऊन मैदानावर उतरला. वेग पूर्वीचा नव्हता आणि राष्ट्रीय संघाचे दार पुन्हा उघडले नाही. हे पुनरागमन व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचे होते का, याबद्दल दुमत असू शकते. ते जिद्दीचे होते, याबद्दल नाही. २०११ मध्ये प्रत्यारोपित मूत्रपिंडही निकामी झाले आणि १८ नोव्हेंबर २०१५ रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी ऑकलंडमध्ये त्याचे निधन झाले.

त्याआधी सुमारे दीड महिना, इंग्लंडमधील विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाने स्पर्धेतील १५ ट्रायच्या त्याच्या विक्रमाची बरोबरी केली होती. हबानाला त्यासाठी तीन विश्वचषक लागले. लोमूने ते दोनच स्पर्धांमध्ये केले होते आणि त्यांतली दुसरी आजारपणात.