ठराव चेन्नईचा, युद्ध लंकेचं

श्रोतेहो, नमस्कार.

हिवाळी अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड लागतात, मोर्चे टेकडी रोडवर अडतात आणि पानठेल्यावर एक प्रश्न हमखास निघतो: एवढे ठराव करतात, त्यांचं पुढे होतं काय? डिसेंबर 2022 मध्ये याच नागपुरात आपल्या विधिमंडळाने सीमाभागातल्या 865 गावांचा ठराव एकमताने केला. कर्नाटकाने आपला ठराव पाच दिवस आधीच करून ठेवला होता. गावं होती तिथेच आहेत.

तो प्रश्न निदान आपल्या देशातला होता. आज बोलायचं आहे ते एका राज्याच्या विधानसभेने परक्या देशातल्या यादवीत घातलेल्या लक्षाबद्दल. आपल्याकडे श्रीलंका म्हटलं की क्रिकेट आठवतं, फार तर बुद्धधम्म आणि दीक्षाभूमी. तामिळनाडूचं तसं नाही. मधली सामुद्रधुनी अरुंद, पलीकडे आपलीच भाषा बोलणारी माणसं.

सिंहली बहुमताचं सरकार आणि तमिळ बंडखोर लिट्टे यांच्यात 22 फेब्रुवारी 2002 ला शस्त्रसंधी झाली. पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे आणि लिट्टेचा म्होरक्या प्रभाकरन यांच्या सह्या, मध्यस्थी नॉर्वेची. देखरेखीला नॉर्डिक देशांचे निरीक्षक. हे लोक बिनशस्त्र हिंडायचे आणि कोणी काय मोडलं ते लिहून ठेवायचे. 2007 पर्यंत लिट्टेच्या नावावर तीन हजारांहून जास्त भंग जमले, सरकारच्या नावावर तीनशेहून जास्त. लिट्टेच्या नोंदींतला मोठा हिस्सा लहान मुलांना फौजेत ओढण्याचा. ही गोष्ट चेन्नईच्या भाषणांत फारशी कोणी काढत नसे.

शस्त्रसंधी मोडते म्हणजे काय होतं, ते मावील आरूला पाहावं. त्रिंकोमाली जिल्ह्यातलं हे ठिकाण. जुलै 2006 मध्ये लिट्टेने तिथले पाणी सोडायचे दरवाजे बंद केले. खाली हजारो कुटुंबांची धानशेती. ऐन रोवणीत पेंचच्या कालव्याचं पाणी कोणी अडवलं तर मौदा-रामटेकच्या शेतकऱ्याची जी गत होईल, तीच त्यांची झाली. सरकारने आधी विमानं धाडली, मागून सैन्य. दरवाजे उघडले, पण लढाई थांबली नाही. करार कागदावर शाबूत आणि रानात तोफा, असं दीड वर्ष चाललं. शेवटी 2 जानेवारी 2008 ला सरकारने करारातून अंग काढल्याचं जाहीर केलं. 16 जानेवारीला तो रीतसर संपला.

तामिळनाडू विधानसभेचा ठराव आला एप्रिलमध्ये. मागणी अशी की केंद्राने दोन्ही बाजूंना बोलणीला बसवावं. आता घटनेच्या सातव्या अनुसूचीत परराष्ट्र व्यवहार संघसूचीत आहेत. राज्याच्या सभागृहाला दिल्लीला विनंती करता येते, हुकूम सोडता येत नाही. कोलंबोला तर पत्रही नाही. त्यातून लिट्टेवर 1992 पासून बंदी, आणि लिट्टेने केलेली राजीव गांधींची हत्या काँग्रेस विसरणं शक्यच नव्हतं. असल्या ठरावाला दिल्ली पोच देते आणि फाइल बंद करते.

पण ऑक्टोबरमध्ये वेगळंच घडलं. मुख्यमंत्री करुणानिधींनी सर्वपक्षीय बैठक घेतली आणि दोन आठवड्यांची मुदत घातली: युद्ध थांबवा, नाहीतर आमचे खासदार राजीनामे देतील. तामिळनाडूचे 39, पुदुच्चेरीचा एक. मनमोहन सिंग सरकारने जुलैमध्येच विश्वासदर्शक ठराव 275 विरुद्ध 256 असा जिंकला होता. हे गणित दिल्लीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुदत संपायच्या आत राष्ट्राध्यक्षांचे भाऊ बासिल राजपक्षे दिल्लीत हजर झाले आणि भारताने 800 टन मदतसाहित्य पाठवायचं ठरलं. शस्त्रसंधी मात्र नाही. आणि राजीनामे? करुणानिधींच्या द्रमुक पक्षाच्या खासदारांनी ते लिहून आपल्या नेत्याकडे दिले होते. लोकसभा अध्यक्षांपर्यंत ते पोचलेच नाहीत.

माझ्या मते सगळं इथे हुकलं. मुदत घातली आणि आपणच ती सोडून दिली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये पुन्हा ठराव झाला आणि 23 जानेवारी 2009 ला आणखी एक, ‘शेवटची विनंती’ म्हणून. तोवर लिट्टेचं मुख्य ठाणं किलिनोच्ची सैन्याच्या हाती गेलं होतं. तरी परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी 27 तारखेला कोलंबोला गेले, आणि दोनच दिवसांत राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षेंनी नागरिकांना बाहेर पडायला 48 तासांची वाट देऊ केली. ठराव अगदीच वाया गेला असं म्हणवत नाही. पण 48 तासांत लाखो माणसं बाहेर पडणार कशी? वर लिट्टे त्यांना सोडायला तयार नव्हती, आणि सरकारने जो भाग सुरक्षित म्हणून जाहीर केला तिथेही गोळे पडत राहिले. मे महिन्यात युद्ध संपलं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने शेवटच्या महिन्यांतल्या नागरिक मृतांचा आकडा 40 हजारांपर्यंत असू शकतो असं म्हटलं आणि दोन्ही बाजूंवर बोट ठेवलं.

विधानसभेचे ठराव त्यानंतरही थांबले नाहीत. 2011 मध्ये जयललितांच्या काळात श्रीलंकेवर आर्थिक निर्बंध मागणारा झाला. मार्च 2013 मध्ये तर लंकेतल्या तमिळांचं सार्वमत घ्या इथपर्यंत मजल गेली. जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत भारताने 2012 आणि 2013 या दोन्ही वर्षी श्रीलंकेविरुद्ध मत दिलं खरं. 2014 च्या मार्चमध्ये तो तटस्थ राहिला. द्रमुकने केंद्र सरकारचा पाठिंबा त्याच्या वर्षभर आधीच काढून घेतला होता.