काळ्या वाघाचं एक अक्षर

ओडिशातलं सिमिलीपालचं जंगल. तिथल्या कॅमेरा ट्रॅपनं, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यानं टिपलेला एक फोटो डोळ्यांसमोर आणा. वाघच आहे, पण पाठीवर केशरी रंग शोधावा लागतो, काळे पट्टे इतके रुंद झालेत की एकमेकांत मिसळूनच गेलेत. लोक याला काळा वाघ म्हणतात. आणि २०२२च्या व्याघ्रगणनेत इथे मिळालेल्या १६ वाघांपैकी १० असे होते.

हे झालं कसं, हा प्रश्न बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत उमा रामकृष्णन यांच्या लॅबमध्ये पीएचडी करणाऱ्या विनय सागर यांनी हातात घेतला. आता वाघावर पीएचडी म्हटलं की आपल्याला जंगल, जीप, दुर्बीण आठवते, पण इथे कम्प्युटरचं काम प्रचंड आहे. वाघाचा जिनोम, म्हणजे त्याच्या डीएनएमधला सगळा मजकूर, साधारण २४० कोटी अक्षरांचा (ए, टी, जी, सी ही चारच अक्षरं उलटसुलट), आणि डीएनए वाचणारं मशीन ती सलग वाचून देत नाही, पोथी फाडून चिंध्या हातात द्याव्यात तसे छोटे छोटे तुकडे देतं, ते एकेक करून जागेवर बसवायचे आणि मग काळ्या नि साध्या वाघात नेमकं वेगळं काय ते शोधायचं. फरक तर लाखोंनी सापडतात!

इथे नंदनकानन प्राणिसंग्रहालयातलं एक वाघाचं घराणं कामी आलं. आईबाप दिसायला साधे, पिल्लं मात्र काही काळी. म्हणजे हा गुण आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच दिसतो. त्या वंशावळीच्या आधारानं चाळत चाळत शेवटी उरलं एक अक्षर. टॅकपेप नावाच्या जीनमध्ये सीच्या जागी टी. मांजरांच्या अंगावरची नक्षी आणि किंग चित्ता या चित्त्याच्या दुर्मिळ प्रकाराचे ते जाड पट्टे, तेही याच जीनमधल्या बदलांमुळे.

मग देशभरातले वाघ तपासले. सिमिलीपालबाहेरच्या एकाही जंगली वाघात हा बदल नाही. मला विचाराल तर खरी गोष्ट इथून सुरू होते. काळा रंग फायद्याचा म्हणून पसरला का? कम्प्युटरवर सिम्युलेशन करून बघितलं तर तसं मानायची गरजच पडत नाही, मोजक्या वाघांपासून वाढलेली इथली सगळी प्रजा, बाहेरून कुणी येत नाही, आपसातच जोड्या जमतात, एवढ्यावर नुसत्या योगायोगानंसुद्धा हे अक्षर इतकं वाढू शकतं. २०२१मध्ये हे संशोधन पीएनएएस या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. एवढा देखणा वाघ, आणि त्याचा रंग सांगतोय की हे जंगल एकटं पडलंय.

२०२४च्या अखेरीस आपल्या ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलीपालला नेल्या, नवं रक्त मिळावं म्हणून. झीनत तर झारखंड ओलांडून पार बंगालमधल्या बांकुऱ्यापर्यंत गेली, तिला पकडून परत आणावं लागलं. या दोघींपैकी कुणाला काळ्या नरापासून पिल्लं झालीच, तर ती सगळी केशरी दिसतील, आणि ते एक अक्षर प्रत्येकात असेल, पण फक्त बापाकडून आलेलं.