पाळलेला गंज

(सांगलीत इतिहासप्रेमींच्या मासिक बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

ताटली फिरवतोय. बंदुकीच्या नळीवरचे रंग दाखवायला सहा तुकडे आहेत, सगळे एकाच अष्टकोनी सळईतून कापलेले, वीतवीतभर. यात बंदुकीचा भाग एकही नाही, तेव्हा बिनधास्त हातात घ्या. परवान्याशिवाय बंदूक बनवणं सोडाच, दुरुस्त करणंसुद्धा १९५९च्या शस्त्र कायद्यात बसत नाही. मी हीट ट्रीटमेंटमधून, म्हणजे पोलाद तापवून कडक करण्याच्या कामातून, निवृत्त झालेला माणूस. या वयात कोर्टाची पायरी नको. पहिला तुकडा मात्र हाताळून झाला की फडक्याने पुसा. तो उघडा आहे, आणि बाहेर पाऊस लागलाय. तुमच्या अंगठ्याचा ठसा परवापर्यंत त्याच्यावर तांबडा उमटलेला असेल.

विषय निघाला तो एका मित्रामुळे. बंदुका बनवण्या-दुरुस्तीचा रीतसर परवाना असलेला कारागीर आहे. त्याने ठासणीच्या बंदुकीची एक नळी हाताने केली. अष्टकोनी, आतून पीळदार खाचा पाडलेली, म्हणजे रायफलच. कानशीने सगळे पैलू सरळ केले, नळी चांदीसारखी चमकायला लागली, आणि मग मला फोन. "हिला कोणता रंग देऊ?"

मी म्हटलं, लोखंडाला रंग देत नाहीत. लोखंड स्वतःच रंग काढतं, त्यातला कोणता ठेवायचा एवढंच आपल्या हातात.

नळीवर दिसणारा तपकिरी, निळा, काळा, हे सगळे लोखंडाचेच ऑक्साइड. साध्या भाषेत गंजच. एक गंज भुसभुशीत असतो, खाली खात जातो. दुसरा घट्ट बसतो आणि पहिल्याला आत येऊ देत नाही. कारागिराची सगळी विद्या पहिला हाकलून दुसरा पाळण्यात आहे.

उघडी नळी, म्हणजे पॉलिश करून तेल लावलेली आणि बाकी काही न केलेली, सुंदर दिसते. इंग्रजांच्या जुन्या पायदळाच्या मस्केटी अशाच असायच्या आणि शिपाई विटकरीच्या पुडीने त्या घासत बसायचे. घासून घासून धातू झिजायचा, पण परेडला चमक हवी. आपल्याकडे ही चमक राखणारी जात-जमातच होती: शिकलगार. आणि त्यांचं पुढे काय झालं ते आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला माहीत नसेल. मिरजेत सतारी-तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगार. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं तेव्हा फरीदसाहेबांसारखी माणसं भोपळ्याकडे आणि तारांकडे वळली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची मुळं अशी तलवारीच्या पात्यात आहेत. माझ्या लेखी याचा अर्थ इतकाच, की चकचकीत नळी ठेवायची तर रोज पुसणारा माणूस पदरी लागतो. तो आता तंबोरा जुळवतोय.

म्हणून मी मित्राला उलट विचारलं, ही नळी राहणार कुठे? गिऱ्हाईक कोयनेच्या बाजूचं निघालं. रानडुकरं पीक उधळतात म्हणून परवाना घेतलेला शेतकरी. मग प्रश्न अर्धा सुटला. महाबळेश्वराच्या त्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जतेत किंवा माणात पाचशेच्या आसपास. जतच्या कपाटात उघडी नळी तेलाच्या एका हातावर वर्ष काढील. कोयनेकाठी ती आठवड्यात तांबडी होईल.

आता दुसरा तुकडा बघा, तपकिरी. याला ब्राउनिंग म्हणतात. मला सगळ्यांत आवडतो तो हाच.

आधी नळीवरचं तेल पूर्ण काढायचं. चुन्याची निवळी, साबण, काहीही चालेल, पण नंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाचं तेल लागलं तिथे गंज धरत नाही आणि डाग राहतो. नळीची दोन्ही तोंडं लाकडी खुंट्यांनी घट्ट बंद करायची. आतल्या खाचांना या प्रकाराचा वाराही लागता कामा नये, आणि खुंट्या धरायलाही कामी येतात. मग नवसागरासारख्या क्षाराचं पाणी बोळ्याने एकदाच, पातळ, न गिरवता फिरवायचं. नळी दमट पेटीत टांगायची. काही तासांत मखमलीसारखा नारिंगी थर येतो. तो गोणपाटाने घासून काढायचा. निघतो तो भुसभुशीत, राहतो तो घट्ट. पुन्हा पाणी, पुन्हा पेटी, पुन्हा गोणपाट. पाच-सहा फेऱ्यांनी चिंचोक्यासारखा रंग येतो. आणि एक गोष्ट उलटी वाटेल: आरशासारखं पॉलिश इथे नडतं. गंजाला पाय रोवायला जागा लागते. २२० किंवा फार तर ३२० नंबरचा पॉलिश पेपर पुरे. बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, तर नळी धरूच नका, अष्टकोनाच्या कडा गोल झाल्या की त्या परत येत नाहीत.

जुन्या कृतींत पाऱ्याचे क्षार असत. ते विष आहे, घरात आणू नका.

हवेचं म्हणाल तर, उन्हाळ्यात तासगावला बेदाण्याच्या शेडवर जी कोरडी गरम हवा आपण देवाकडे मागतो, ती या कामाला वैरी. मी मे महिन्यात करायला गेलो, दोन दिवस टांगून ठेवलं, पेटीत ओलं फडकं ठेवायचा कंटाळा केला, आणि तुकड्यावर नुसते ठिपके. तेच जुलैत एका रात्रीत धरलं. मग मला चेव आला. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन आतली आम्लता मारायची असते, ती पायरी मी घाईत उरकली. वर मेण चोळलं, बायकोला दाखवलं, कपाटात ठेवलं. गणपती उठल्यावर काढून बघतो तर मेणाखालून तांबडं पीठ. गव्हावर तांबेरा पडावा तसं. तेव्हापासून सोडा दोनदा.

तिसरा तुकडा याच कुळातला. फरक एका पातेल्याचा. नारिंगी थर आला की घासण्याआधी नळी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात उकळायची. डोळ्यांदेखत तांबड्याचा काळा होतो. लाल ऑक्साइडचं चुंबकी काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर झालं. असं पुन्हा पुन्हा केलं की मऊ निळसर काळा रंग बसतो. पाणी तेवढं बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड घ्या. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने डाग पडतात, आणि ते काही केल्या जात नाहीत.

चौथ्याचा मोरपिशी निळा सगळ्यांनाच भुरळ घालतो. तो निव्वळ उष्णतेचा. पोलाद तापवत नेलं की आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशे अंशांच्या जरा अलीकडे-पलीकडे हा निळा. माझा जन्म या रंगांत गेला, म्हणून सांगतो: थर इतका पातळ असतो की खांद्यावर वागवायच्या नळीवर टिकत नाही. स्क्रूच्या डोक्याला शोभतो.

पाचवा एमआयडीसीतला, ब्लॅकोडायझिंगचा. कॉस्टिक आणि नायट्रेटच्या १४० अंशांच्या आसपासच्या टाकीतून काढलेला. नट-बोल्टला उत्तम. मी माशी, म्हणजे नेम धरायचा नळीवरचा खुंट, बसवण्याची आडवी खाच पाडलेला नमुना एका कारखानदाराकडे टाकला. आला तेव्हा कोळशासारखा चकचकीत काळा. महिनाभराने खाचेतून पांढरी बुरशी यावी तसा क्षार पाझरायला लागला, तो अजून पाझरतोय, बघा. त्यांना सांगितलं तर म्हणाले, पुसून घ्या. शिवाय कॉस्टिक झाळणं, म्हणजे सांधा जोडणारा मऊ धातू, खातं. दुनळीच्या दोन नळ्या झाळून जोडलेल्या असतात, तिथे तर हा प्रकार नकोच. सहावा बाटलीतल्या थंड रसायनाचा आहे. त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही, फडक्याने पुसलात तर निम्मा फडक्यावर येईल.

"पण जुनं कसं होतं?" हा प्रश्न इतिहासवाले विचारणारच. तर जुनं एक नव्हतंच. ज्या बंदुकीच्या काडतुसांवरून १८५७चा भडका उडाला ती १८५३च्या नमुन्याची एन्फिल्ड, तिची नळी निळी-काळी. त्याआधीची बेकर रायफल तपकिरी, कारण झाडीत लपून नेम धरणाऱ्याची नळी उन्हात चमकून चालत नाही. अमेरिकेत पेनसिल्वेनियाच्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी अठराव्या शतकात लांबलचक अष्टकोनी नळ्यांच्या रायफली केल्या. आजही तिकडे हौशी लोक तशा हाताने करतात आणि तपकिरी की निळी यावर भांडतात. संग्रहालयात त्या बहुतेक तपकिरी दिसतात, पण त्यातला बराच तपकिरी रंग दोनशे वर्षांच्या हवेने दिलेला. कित्येक मुळात उघड्या किंवा निळ्या होत्या. म्हातारपण बघून जवानीचा रंग ठरवू नये.

आणि आपल्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार उडणाऱ्या, बंदुका? लोखंडी पट्टी गजावर गुंडाळून, ठोकून, सांधून नळी व्हायची. अकबराच्या कारखान्यात जनावर जुंपलेल्या एका चाकावर एका वेळी १६ नळ्या साफ होत, असं अबुल फजल सांगतो. अशा नळीत लोखंडाचे पीळ असतात, आणि ते वेगवेगळ्या वेगाने गंजतात. म्हणून हिराकशीच्या पाण्याने किंवा ब्राउनिंगने त्यांची वेलबुट्टी वर येते. पॉलिशने ती गडप होते. हे मला पुस्तकातून नाही, पुरातून कळलं.

२०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या एका घरात आजोबांच्या वेळची परवान्याची ठासणीची बंदूक चिखलात राहिली. मालकाने पाणी ओसरल्यावर ती माझ्या त्याच मित्राकडे नेली. वर नारिंगी पापुद्रे. मालक म्हणे, घासून नवी करा, काळी करा. मी शेजारी बसून बघत होतो. मित्राने काही लावलं नाही. नळी नुसती उकळली, गोणपाट फिरवलं, पुन्हा उकळली. तिसऱ्या वेळी काळ्या पृष्ठभागावर तिरप्या रेघा दिसायला लागल्या, नारळाच्या काथ्याचा दोर वळल्यासारख्या. नळी पीळ देऊन घडवलेली होती आणि घरात तीन पिढ्या कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही तिथेच थांबलो. गरम असतानाच मेण लावलं. मालकाचा चेहरा पडला. चकाकी कुठाय, म्हणाला. त्याला रेघा दाखवल्या तरी पैसे देताना तो जरा कुरकुरलाच.

नव्या नळीचं ठरलं ते असं: तपकिरी, सोडा दोनदा, वरून मेण, आणि लाकडी कुंद्याखाली झाकला जाणारा भागही तितकाच निगुतीने. ओल तिथेच दडते. शिवाय मालकाला तंबी, की बार उडवल्यावर त्याच दिवशी आतून गरम पाण्याने धुवायची. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. आत गंज सुरू झाला तर बाहेरच्या रंगाला काय चाटायचंय?

ताटली आली का परत? एक, दोन... पाच. चौथा नाहीये. मोरपिशीच गेला, वाटलंच होतं. असू द्या, पण ज्यांनी घेतलाय त्यांनी खिशात ठेवू नका. घामाने चार दिवसांत दुसरा होईल.